आरशाचं पितळी टेबल: कुठला डाग ठेवायचा, कुठला थांबवायचा

प्रकरण कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या एका घरातलं आहे. वस्तू लहानशी: सोफ्याच्या कडेला ठेवायचं पितळी टेबल, वर मुद्दाम जुनाट केलेला आरसा बसवलेला. घरात त्याला 'आरशाचं टेबल' म्हणतात. आजोबांनी ते १९७० च्या आसपास मुंबईत, घर आवरून परदेशी निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतलं होतं. पावती नाही, कारखान्याचं नाव किंवा शिक्काही नाही. आजोबा गेले, टेबल घरातच राहिलं, आणि २०२१ च्या जुलैत ते पुराच्या पाण्यात उभं होतं.

त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. या घराच्या दिवाणखान्यात पाणी गुडघ्याच्या खाली राहिलं, पण टेबलाचे पाय बुडायला तेवढं पुरेसं होतं. पूर ओसरल्यावर घरच्यांनी ते बाहेरून स्वच्छ पुसलं. नंतरच्या दर पावसाळ्यात मात्र एका पायाच्या तळातून तांबूस पाणी झिरपायला लागलं आणि फरशीवर गंजाचं वर्तुळ उमटायला लागलं. जुन्या वस्तू दुरुस्त करते म्हणून मला बोलावलं ते या गळतीसाठी.

घरात गेल्यावर दिसलं की टेबलाबद्दल चार मतं आहेत. सूनबाईंना ते उद्यमनगरात (कारखान्यांच्या वस्तीत) नेऊन बफिंग करून (फिरत्या चाकावर घासून चकचकीत करून) हवं होतं आणि वरचा डागाळलेला आरसा काढून नवा कोरा बसवायचा होता. मुलाला विकायचं होतं, कारण मुंबईच्या एका व्यापाऱ्याने फोटो पाहून ते 'मेझों जान्सेन' या फ्रेंच संस्थेचं असावं असं कळवलं होतं. भंगारवाल्याने पायाला लोहचुंबक लावून निकाल दिला होता की आत लोखंड आहे, वर पितळेचं नुसतं पाणी. आजी म्हणाल्या, "बाई, ते कुणाचं का असेना, गळायचं थांबव आणि मोडू नको."

मला आजींचं म्हणणं कामाची दिशा म्हणून पटलं. पण ते नीट पाळायचं तर आधी एक गोष्ट ठरवायला हवी होती. या टेबलावर डाग अनेक होते. काही करणाऱ्याने हौसेने केलेले, काही पन्नास वर्षांच्या वापराचे, आणि काही धातूला किंवा काचेला आतून खाणारे. तिन्ही वरवर पाहता सारखेच दिसतात. बफिंगचं चाक तिन्ही एका फटक्यात काढतं, आणि नवा आरसा बसवला की तिथला प्रश्नच पुसला जातो.

टेबल कसं आहे

उंची दोन फुटांना थोडी कमी. चार सरळ गोल पाय, त्यांवर खांबासारख्या उभ्या पन्हळी. पायांच्या तळाशी बकरीच्या खुराचे ओतीव आकार. चारही पाय खालच्या अंगाला पितळी पट्ट्यांच्या फुलीने जोडलेले, फुलीच्या मध्यावर कलशासारखी घुंडी. वरच्या चौकटीला पानांची बारीक नक्षी आणि तिच्या कंगोऱ्यात काच.

ही निओक्लासिकल घडण. अठराव्या शतकात, हर्क्युलेनियम (१७३८) आणि पाँपेई (१७४८) इथलं उत्खनन सुरू झाल्यावर युरोपात रोमन घरांतल्या वस्तूंची मोठी ओढ लागली. आधीच्या रोकोको फर्निचरचे वळणदार पाय मागे पडले आणि त्यांच्या जागी सरळ, पन्हळीदार पाय आले. इंग्लंडात वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडम आणि फ्रान्समध्ये सोळाव्या लुईच्या काळातले कारागीर यांनी ही भाषा पक्की केली. खुरांचे आणि पंजांचे पाय थेट रोमन तिवयांवरून घेतलेले आहेत. विसाव्या शतकात तीच घडण पुन्हा लोकप्रिय झाली, या वेळी पितळ आणि आरसा या जोडीत. १८८० मध्ये पॅरिसात सुरू झालेली मेझों जान्सेन ही त्यातली सर्वांत गाजलेली सजावट संस्था. केनेडींच्या काळात व्हाइट हाउसच्या सजावटीतही तिचा हात होता. म्हणूनच पितळी पाय आणि डागाळलेला आरसा दिसला की विकणाऱ्यांच्या तोंडी आधी तेच नाव येतं. पण हीच घडण इंग्लंडात, अमेरिकेत, इटलीत आणि आपल्याकडेही झाली. नुसत्या आकारावरून ना गाव ठरतं ना साल.

मुलाचं आणखी एक म्हणणं होतं की ही परकी वस्तू आपल्या घरात शोभत नाही, ती जाणकाराकडेच जावी. त्यांना मी टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन यायला सांगितलं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू सापडल्या. त्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी, देखणी मूर्ती आहे. ज्या रोमन जगाची नक्कल अठराव्या शतकात युरोप करत होता, त्या जगातला माल सातवाहनांच्या काळात कोल्हापुरात येऊन पोहोचला होता. ते जाऊन आले, आणि 'परकी' हा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही.

चुंबक खरं बोललं, पण अर्धंच

भंगारवाल्याची चाचणी चुकीची नव्हती. पायाला चुंबक खरोखरच ओढलं जात होतं. पण ते घट्ट चिकटत नव्हतं, अगदी क्षीण ओढ होती. लोखंडावर पितळेचं पाणी असतं तर ते टचकन चिकटलं असतं. शिवाय खुरांच्या पुढच्या टोकाला, फुलीला आणि घुंडीला काहीच ओढ नव्हती. पायांतच आणि तीही हलकी, म्हणजे पोकळ नळीच्या मधोमध लोखंडी काहीतरी आहे, असं मी धरलं.

चुंबकावर एवढं अवलंबून राहता येत नाही, कारण जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही ते चिकटत नाही, आणि त्यावर पितळी रंग चढवलेलं फर्निचर बाजारात भरपूर आहे. म्हणून फुलीवरची कलशाची घुंडी पिळून काढली आणि गुजरीतल्या एका ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तोलली: २१२ ग्रॅम. पाण्यात बुडवली तेव्हा २५ मिलिलिटर पाणी सरकलं. म्हणजे घनता साडेआठच्या जवळ. पितळेची साधारण ८.४ ते ८.७ असते, लोखंडाची ७.९, जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची ६.७ च्या आसपास. घुंडी भरीव पितळ. खुराच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कानसेचा एक हलका हात मारला, तिथेही खाली तोच पिवळा धातू.

टेबल उलटं करून उघडलं तेव्हा आतलं लोखंडही सापडलं. प्रत्येक पायातून वरपासून खुरापर्यंत एक लोखंडी सळई गेली होती, दोन्ही टोकांना आटे पाडलेली. ती सळई खूर, नळी आणि वरची चौकट यांना आवळून धरते. गळणाऱ्या पायातली सळई गंजून निम्मी झाली होती, आणि तिच्याभोवती पुराचा गाळ सुकून घट्ट बसला होता. बाहेरून कितीही पुसलं तरी हा गाळ आतच राहिला. पावसाळी हवेत तो ओल धरतो. ओलीत लोखंड आणि पितळ एकमेकांना टेकलेले असले की आधी लोखंड झिजतं. फरशीवरचं वर्तुळ तिथून येत होतं.

याच आट्यांनी फ्रेंच नावाचाही निकाल लावला. सळई घेऊन मी उद्यमनगरात एका जुन्या लेथवाल्यांकडे गेले. त्यांनी थ्रेड गेज लावलं आणि म्हणाले, "ताई, हे मेट्रिक न्हाई. पाव इंची हाय, इंचाला वीस आटे." सळई मागाहून बदललेली असू शकते, म्हणून खुराच्या ओतकामातच पाडलेलं भोकही तपासलं. तिथेही तेच आटे. पॅरिसच्या कारखान्यात मेट्रिक आटे पडले असते. पाव इंच जाडी आणि इंचाला वीस आटे हे माप जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीतही आहे आणि अमेरिकी पद्धतीतही. त्यामुळे त्या दोघांत निवड करता येत नाही. आपल्याकडे मेट्रिक येईपर्यंत इंग्रजी मापंच चालत होती, तेव्हा हे टेबल भारतातही घडलेलं असू शकतं. फ्रेंच मात्र नाही, एवढं मी लिहून द्यायला तयार होते.

आरसा

सूनबाईंची खरी तक्रार आरशाबद्दल होती. पाहुणे येतात, त्यांना वाटतं आपण आरसा पुसत नाही. ही तक्रार मला रास्त वाटली, म्हणून काच काढून त्यांच्यासमोरच तपासली.

आजचा साधा आरसा म्हणजे काचेच्या मागे चांदीचा अतिशय पातळ थर, त्यावर बहुधा तांब्याचा, आणि त्यावर रंग. जुनाट आरसा करणारा कारागीर मागचा रंग सोलतो, चांदीवर आम्ल किंवा दुसरं रसायन थेंबाथेंबाने टिपतो, हवी तेवढी चांदी उडाली की धुतो आणि मागून काळा किंवा सोनेरी रंग देतो. मग समोरून धुरकट ढग आणि काळसर ठिपके दिसतात. एकोणिसाव्या शतकात चांदीची रीत रुळण्यापूर्वी आरसे कथील आणि पाऱ्याचे असत. त्यांचा रंग निळसर-राखी, आणि ते जुने झाले की दाणेदार दिसतात. असा आरसा हाती आला तर खरवडू नये, पारा असतो. या टेबलाच्या काचेची झाक उबदार होती, म्हणजे चांदी. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिच्यात किंचित लहरत होतं, म्हणजे फ्लोट काच (वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली, अगदी सपाट) नव्हे, जुन्या पद्धतीने पत्र्यासारखी ओढून केलेली काच. इंग्लंडात फ्लोट काच १९५९ मध्ये जाहीर झाली, भारतात तिचे कारखाने १९९० च्या दशकात आले. आजोबांच्या खरेदीच्या काळाशी हे जुळतं.

डागांकडे वळू. नैसर्गिक ओलीने खराब होणारा आरसा कडेपासून खराब होतो, कारण ओल कडेने शिरते. इथे ढग आणि ठिपके मधल्या भागात जास्त होते, तीन कडा जवळजवळ स्वच्छ. ठिपक्यांच्या मागे काळा रंग सलग आणि शाबूत होता. म्हणजे रंग देण्याआधीच चांदी उडवलेली. हे डाग हौसेचे, टेबल घडलं त्या दिवसापासूनचे. ते काढणं म्हणजे करणाऱ्याचं काम पुसणं.

चौथी कड वेगळी होती. तिथे काळी किनार दातऱ्यांसारखी आत सरकत होती, टोकाला तपकिरी, आणि मागचा रंग पोपडे धरून सुटला होता. कारण काच उचलल्यावर समजलं. काचेखालचा फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) त्या बाजूला दबून बसला होता, काच तिकडे कललेली. आरसा साफ करायला वर फवारा मारला की द्रव त्याच कंगोऱ्यात उतरायचा आणि फेल्टमध्ये मुरायचा. काच पुसायच्या अनेक द्रवांत अमोनिया असतो, चांदीच्या थराला तो मानवत नाही. पुराचं पाणी इथवर चढलंच नव्हतं. ही कड रोजच्या स्वच्छतेने खाल्ली होती.

सूनबाईंनी दोन्ही डाग शेजारी शेजारी पाहिले आणि विचारलं, "मग हा मधला मुद्दामच केलेला? पैसे घेऊन?" हो म्हटल्यावर नव्या आरशाचा विषय त्यांनीच मिटवला.

गेलेली चांदी परत येत नाही. किनार रंगवून झाकता आली असती, पण मागून दिलेल्या रंगाच्या कडा समोरून दिसतात आणि पुढच्या दुरुस्तीला अडचण होते. म्हणून ती तशीच ठेवली, फक्त वाढायची थांबवली. काच पंख्याखाली पूर्ण सुकवली, पोपडे न ओढता त्यांच्यावर आणि चारही कडांना पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक रेझिनचा पातळ हात दिला. संग्रहालयांत ते वापरतात कारण अ‍ॅसिटोनने पुन्हा काढता येतं. ओल धरणारा फेल्ट काढून सिलिकोनच्या छोट्या गुंड्या लावल्या, म्हणजे काच समतल बसते आणि खालून हवा खेळते.

पितळ

देव्हाऱ्यातली समई, ताम्हण, पंचपात्री आपण चिंचेने लख्ख करतो आणि ते योग्यच आहे. ती भांडी उघडी असतात, दर सणाला घासली जातात. आजींनी दिवाळीला हे टेबलही तसंच घासलं होतं. फरक असा की फर्निचरच्या पितळेवर बहुधा लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, असतं. चौकटीच्या खालच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा बोळा टेकवला तर तो चिकट झाला, म्हणजे इथेही होतं. लॅकर शाबूत आहे तिथे चिंच काही करत नाही. ते तडकलं आहे तिथे मात्र आम्ल आत शिरतं आणि पन्हळीत साचून राहतं.

वरच्या भागातला तपकिरीपणा नुसता वयाचा, निरुपद्रवी. पाण्याच्या रेषेखाली मात्र हिरवट फुटी आणि गुलाबी ठिपके होते. चिंचेनेही पितळ वरवर गुलाबी होतं, पण ते एका हलक्या घासणीत जातं. हे ठिपके जात नव्हते आणि भिंगाखाली सच्छिद्र दिसत होते. तिथून जस्त निघून गेलं होतं आणि तांबं मागे उरलं होतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्करी साठ्यातली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. काडतुसं तबेल्यांजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा यांचा परिणाम, घडवताना ताण राहून गेलेल्या पितळावर होत होता. १९२१ मध्ये ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. ओढून केलेल्या पितळी नळीतही तसाच ताण शिल्लक असतो. आणि शहरातल्या पुराच्या पाण्यात गटारं मिसळलेली असतात, म्हणजे अमोनिया आलाच. या टेबलाच्या आत तो गाळ कित्येक पावसाळे बसून होता.

म्हणून चारही नळ्या कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांच्या जुन्या रीतीने तपासल्या. रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड फासायची. चीर असेल तर तिच्यात राहिलेलं रॉकेल पुडीवर ओली रेघ काढतं. गळणाऱ्या पायावर, खुराच्या वर, साधारण दोन सेंटिमीटरची उभी रेघ उमटली. बाकीच्या तीन नळ्या निर्दोष.

कारखान्यात असा ताण काढायला पितळ २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवतात. इथे ते शक्य नव्हतं. वरची चौकट नळीला कथील-शिशाच्या डाकाने जोडलेली आहे आणि तो डाक १८३ अंशांपासूनच वितळायला लागतो. म्हणून चिरेच्या आतून पातळ पितळी बाही इपॉक्सीने बसवली. गंजलेल्या सळईच्या जागी तेच इंची आटे पाडलेली स्टेनलेस सळई लेथवाल्यांनी करून दिली, टोकांना नायलॉनचे वॉशर. उरलेल्या तीन सळयाही बदलल्या. जुन्या सळया पिशवीत घालून, चिठ्ठी लावून घरच्यांकडे दिल्या. पुढे कुणी तपासायला घेतलं तर खरा पुरावा त्यांच्यावरच आहे.

नळ्या आतून मऊ ब्रशने धुतल्या, शेवटचा हात बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याचा, मग स्पिरिट आणि गरम हवा.

बफिंगबद्दल सांगायलाच हवं. उद्यमनगरातले बफिंगवाले नळांवर आणि पंपांच्या भागांवर जे काम करतात ते उत्तम असतं. पण चाक पन्हळीच्या शिरा झिजवतं आणि खोलात पॉलिशचा काळा लगदा भरतं. चीर असलेल्या नळीवर तर चाकाचा दाबही नको. मी सूनबाईंना एका पायाच्या मागच्या बाजूला दोन शेजारच्या पन्हळी करून दाखवल्या: एक पूर्ण चकचकीत, दुसरी फक्त उंचवट्यावर उजळलेली, खोलात तपकिरी ठेवलेली. त्यांनी दुसरी निवडली. पहिलीत पन्हळच दिसेनाशी होते, असं त्या म्हणाल्या. मग लॅकर सगळीकडून अ‍ॅसिटोनने काढलं, खडूची वस्त्रगाळ पूड स्पिरिटमध्ये कालवून हाताने उंचवटे उजळले आणि वर मायक्रोक्रिस्टलाइन मेण चोळलं. मेण दरवर्षी, मिरगाच्या आधी, पुन्हा लावायचं. आरशावर फवारा कधीच नाही, कोरडं मऊ फडकं पुरे.

विक्रीसाठी मी एका कागदावर एवढंच लिहून दिलं: निओक्लासिकल शैली, भरीव आणि नळीचं पितळ, इंची आटे, चांदीचा जुनाट केलेला आरसा, विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतलं असावं, पुरात भिजलेलं, एका पायाला आतून आधार दिलेला. व्यापाऱ्याने आट्यांचं वाचून फ्रेंच नाव सोडलं आणि किंमत बरीच खाली आणली. मुलाला वाईट वाटलं. पण चीर निगराणीखाली असताना टेबल धडधाकट म्हणून विकणं त्यालाही नको होतं, त्यामुळे विक्री सध्या थांबली आहे. चिरेचे मोजपट्टीसह फोटो काढून ठेवले आहेत. पावसाळा सरला, हवा कोरडी झाली की ती पुन्हा मोजायची. ती वाढली असेल तर नळी बदलावी लागेल. तशी पन्हळीदार नळी तयार मिळत नाही, म्हणून तिचा व्यास, पत्र्याची जाडी आणि पन्हळींचा छाप आताच घेऊन ठेवला आहे.